कानापासून चार बोटांवर

टायरवरची नावं झाकायचं काम फिटरदादांचं होतं. नव्या गाडीला कारखान्यातूनच कोणते टायर लावून द्यायचे हे ठरवायची वेळ आली, की टायर कंपन्या आपापले नमुने पाठवत आणि फिटरदादा काळी चिकटपट्टी घेऊन प्रत्येक टायरच्या कडेवरचं नाव झाकून टाकत. चालवणाऱ्याला नाव दिसलं की तो आधी नावाला गुण देतो, टायरला नंतर, हा चाचणी विभागाचा जुना अनुभव. पट्टीवर ओळखीसाठी खडूने काहीतरी लिहावं लागे, पण अ आणि ब चालत नसे. अ म्हटला की तो उगाचच पहिला वाटतो. म्हणून फिटरदादा नातेवाईक लिहीत.

"या खेपेला माझ्या वाट्याला कोण आलंय?" तिने मायक्रोफोनची पेटी खाली ठेवत विचारलं.

"साडू आणि मेहुणा. दोघं तीन आठवडे फुगून बसलेत." फिटरदादांनी हवेची नळी गुंडाळली. "मागच्या खेपेला मावशी आणि आत्या होत्या, त्यांचं कसं पटकन उरकलं. हे दोघं एकमेकांना ऐकायचे नाहीत."

आणि खरोखरच ऐकत नव्हते. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारला तर साडू हातभर आधी थांबायचा. इंधनात मेहुणा केसभर बरा. झीज सारखीच. तीन आठवड्यांच्या चाचण्यांनंतर पारडं कुठेच झुकलं नव्हतं, त्यामुळे आता सगळं आवाजावर आलं होतं. गाडी घेणारा माणूस रंग निवडतो, सीटचं कापड निवडतो. टायर मात्र त्याच्यासाठी कोणीतरी आधीच निवडलेले असतात, आणि पुढची चार वर्षं त्यांचा आवाज तो ऐकत राहतो. या वेळी तो कोणीतरी म्हणजे तिचा नवरा होता.

ट्रॅकवर त्याला सगळे कानसेन म्हणत. गाडीतला कुठला स्क्रू सैल आहे हे तो बसल्या जागी सांगायचा. आवाजाचे गुण दहापैकी तो देई, आणि ती मागच्या सीटवर बसून तोच आवाज यंत्राने मोजी. सव्वीस वर्षांपूर्वी याच ट्रॅकवर तिने पहिल्यांदा त्याच्या डोक्यामागच्या उशीला मायक्रोफोन अडकवला होता, उजव्या कानापासून चार बोटांवर. "जरा लांब धरा मॅडम, गुदगुल्या होतात," असं तो म्हणाला होता, आणि वर्षभरात त्यांचं लग्न झालं होतं. अजूनही ट्रॅकवर तो तिला मॅडमच म्हणे.

"मॅडम, डोळे मिटलेत. न्या मला." टायरच्या नक्षीवरूनही कंपनी ओळखू येऊ नये म्हणून तो गाडीत बसेपर्यंत टायरकडे बघत नसे. ती त्याचा दंड धरून त्याला दारापर्यंत न्यायची. फिटरदादा दर वेळी तेच म्हणत, "सात पावलं मोजून चाला हो," आणि दर वेळी तिघं हसत.

आधी मेहुणा. गुळगुळीत डांबरावर ताशी ऐंशीने तीन फेऱ्या. मग टायर बदलून साडू. तिच्या कानांवर हेडफोन होते आणि मांडीवर लॅपटॉप. साडूची पहिली फेरी अर्ध्यावर आली आणि तिने मान वर केली. खालचा सगळा घरघराट मेहुण्यापेक्षा मऊ होता, पण त्याच्या वर एक शिट्टी होती. बारीक, सरळ, न थांबणारी, कोणी दातांच्या फटीतून श्वास सोडत राहावं तशी. पडद्यावर तीन हजार हर्ट्झपाशी एक टोकदार सुळका उभा होता.

तिने आरशात त्याच्याकडे पाहिलं. त्याचं डोकं किंचित कललेलं होतं, नेहमीसारखं. चेहरा समाधानी होता.

गाडीतून उतरून त्याने गुणपत्रक भरलं आणि सही केली. सही होईपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही, असा नियम होता. मग त्याने कागद तिच्याकडे दिला. मेहुणा सहा. साडू आठ. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं: फार शांत, कुठेही टोचत नाही.

"काय टायर आहे!" तो म्हणाला. "बाळ झोपेल गाडीत."

ती "हो" म्हणाली नाही आणि "नाही"ही म्हणाली नाही. तिला आधी यंत्र तपासायचं होतं.

याला कारण होतं. त्याचा कान आणि तिचा मायक्रोफोन यांच्यात इतक्या वर्षांत चार वेळा मतभेद झाले होते आणि चारही वेळा मायक्रोफोन खोटा ठरला होता. एकदा तर तारेला केसाएवढी भेग होती, ती त्याने आवाजावरून सांगितली होती. त्यामुळे ती त्या दुपारी प्रयोगशाळेत बसून स्वतःच्याच चुका शोधत राहिली. तार बदलली. दुसरा मायक्रोफोन लावला. ठरावीक सुराची छोटी नळी लावून माप जुळतं का ते पाहिलं. जुळत होतं. फिटरदादांना घेऊन तिने साडूची आणखी एक फेरी केली.

"हे कोण शिट्टी वाजवतंय?" फिटरदादांनी विचारलं.

तिने लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा कपडे धुवायचं मशीन थांबलं होतं आणि बोलावत होतं. पाच बारीक हाका, मग अर्धं मिनिट शांतता, मग पुन्हा पाच. तो मशीनपासून हातभर अंतरावर, खुर्चीत, वर्तमानपत्र वाचत होता.

हे दृश्य तिच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. रोज ती दारातूनच ओरडायची, "अरे, कधीचं थांबलंय ते!" आणि तो दचकून "हो हो, उठतच होतो" म्हणायचा, आणि तिचं डोकं तापायचं. या कानाने ऐकतो आणि त्या कानाने सोडतो, असं तिने बहिणीला सांगितलं होतं. एकदा त्यालाही सुनावलं होतं, "साहेबांनी हाक मारली की बरं ऐकू येतं!" साहेबांचा आवाज ढोलासारखा खर्जातला होता. हे तिला आत्ता, दारात चपला काढताना आठवलं.

तिने पिशवीतून आवाज मोजायचं हातातलं यंत्र काढलं आणि मशीनच्या दिशेने धरलं. तीन हजार एकशे.

पाच हाका. त्याने पान उलटलं.

ती तशीच उभी राहिली. आणि मग एकेक गोष्ट आपल्या पायांनी चालत येऊन तिच्यासमोर उभी राहू लागली. खिडकीत तो बारका पक्षी येतो, त्याचं तिने कौतुक केलं की हा नुसता मान हलवतो. ती स्वयंपाकघरात ओट्याकडे तोंड करून बोलली की उत्तर येत नाही, समोर येऊन बोलली की येतं. आणि मुलगी. त्यांची मुलगी दूरच्या शहरात शिकत होती, तिचा आवाज लहानपणापासून पातळ. मागच्याच महिन्यात ती फोनवर म्हणाली होती, "आई, बाबाला माझ्याशी बोलायचंच नसतं. दोन वाक्यं झाली की 'आईकडे देतो'. मी काय सांगितलं ते पुढच्या वेळी त्याला आठवतही नाही." आणि तिने मुलीची समजूत घालायची सोडून म्हटलं होतं, "माझ्याशी तरी कुठे बोलतो."

त्याच्या कानापर्यंत काय पोचतं हे ती सव्वीस वर्षं दशांशापर्यंत मोजत आली होती. चार बोटांच्या पुढे काय पोचतं, हे तिने कधी मोजलं नव्हतं.

त्याने वर पाहिलं. "अगं, कधी आलीस? आणि ते काय हातात? घर मोजतेस की काय?"

"आत्ताच आले," ती त्याच्या समोर येऊन म्हणाली, आणि बादली घेऊन कपडे वाळत घालायला गेली. तो मागोमाग धावला. "सांगायचंस ना! आज ओरडली नाहीस ती?"

"आज ओरडावंसं वाटलं नाही."

"तब्येत बरी आहे ना?" त्याने खरंच तिच्या कपाळाला हात लावून पाहिला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बैठक होती. साहेबांपुढे दोन कागद जाणार होते, त्याचं गुणपत्रक आणि तिचा अहवाल. अहवालात नियमाप्रमाणे आवाजाचा एकच आकडा द्यावा लागे, सगळ्या आवाजाची मिळून बेरीज. ती बेरीज साडूची सहासष्ट पूर्णांक दोन डेसिबल होती आणि मेहुण्याची सहासष्ट पूर्णांक पाच, म्हणजे साडू किंचित शांतच. सुळका दिसायचा तो फक्त आलेखात. आलेख जोडायची सक्ती नव्हती. ती तो दर वेळी जोडायची, कारण तिला तशी सवय होती.

या वेळी नाही जोडला तर? जेवताना ती त्याच्याकडे बघून हाच विचार करत होती. आकडा खरा होता. सही खरी होती. साडू गाडीवर चढला असता, हजारो लोकांनी चार वर्षं ती शिट्टी ऐकली असती, आणि कानसेन कानसेनच राहिला असता. आलेख जोडला तर साहेबांना एका मिनिटात कळलं असतं की या माणसाला तीन हजारांच्या वरचं ऐकू येत नाही. सगळ्यांदेखत. ज्या एका गोष्टीसाठी लोक त्याला ओळखत होते, तीच गोष्ट.

"मीठ कमी आहे का?" त्याने विचारलं. "घास हातातच धरलायस."

सकाळी ती त्याला म्हणाली, "आज अर्धा तास लवकर निघू." कारखान्याच्या आवारात गाडी लावल्यावर तो उतरायला लागला तेव्हा तिने त्याच्या बाहीला धरलं. "काचा बंद कर. इंजिनही." बंद गाडीइतकी शांत खोली त्या दोघांना दुसरी माहीत नव्हती.

तिने लॅपटॉप गाडीच्या स्पीकरला जोडला. "कालचा साडू. ऐक."

त्याने मान कलती केली, ऐकलं. "शांत आहे. आठच."

"आता तोच, पण मी वेग एकतृतीयांश केलाय. त्याने सगळे सूर खाली येतात. तीन हजार हर्ट्झचं हजारावर येतं."

आवाज सुरू झाला. घरघर खोल जाऊन जवळजवळ नाहीशी झाली, आणि एकच सूर उरला. लांबलचक, सरळ, बासरीच्या एकाच भोकावर बोट अडकल्यासारखा.

त्याची मान सरळ झाली. "हे काय आहे?"

"साडू."

"हे काल गाडीत होतं?"

"होतं."

"मी बसलो होतो तिथे?"

"तुझ्या कानापासून चार बोटांवर."

तो स्टिअरिंगकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तार बघितलीस?"

"बदलली."

"मायक्रोफोन?"

"दुसरा लावला. फिटरदादांनाही ऐकू आलं. मी विचारलं नव्हतं, ते आपणहून बोलले."

"फिटरदादांना!" तो हसला, पण ते हसू चेहऱ्यावर फार टिकलं नाही. "पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावलं. त्याने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "किती दिवस झाले असतील?"

"दोन वर्षं तरी. कपड्यांचं मशीन घेतलं तेव्हा तू पहिल्या हाकेला उठायचास."

"ते अजून हाका मारतं?"

तिने नुसती मान हलवली.

"मला वाटायचं तू घड्याळ लावून ओरडतेस." थोड्या वेळाने त्याने तिच्याकडे वळून पाहिलं. "आणि मॅडम, तुम्ही तर आवाजाच्या तज्ज्ञ. तुम्हाला दोन वर्षं कळलं नाही?"

"नाही कळलं. मला वाटलं तुला कंटाळा आलाय."

"कपड्यांचा?"

"माझा."

बाहेर कामावर येणाऱ्यांच्या गाड्या एकेक करून लागत होत्या. त्याने तिचा हात घेतला आणि स्टिअरिंगवर ठेवतात तसा स्वतःच्या गुडघ्यावर ठेवून वर आपला हात दाबून धरला.

"वेडी आहेस," तो म्हणाला. "मी तुझ्या तोंडाकडे बघत बसायचो, कळलं का? अलीकडे तर जास्तच. मला वाटायचं वय झालं तसं प्रेम वाढतंय."

ती हसली आणि तिचे डोळे भरले, दोन्ही एकदमच झालं. "ओठ वाचत होतास."

"असेन. छान वाटायचं पण."

तिने नाक पुसलं. "आलेख मी जोडणार आहे," ती म्हणाली. "तुला बैठकीत कळू नये म्हणून आधी सांगितलं. काल जेवताना वाटलं होतं, जोडू नये."

"नसता जोडलास तर मी तुझ्याशी बोललो नसतो."

"त्यात नवीन काय होतं?"

या वेळी तो मनापासून हसला. मग दार उघडताना म्हणाला, "आलेख नंतर दाखव. आधी मी बोलतो."

साहेब त्या दोघांपेक्षा दहा वर्षांनी लहान होते आणि त्याला काका म्हणत. बैठक सुरू व्हायच्या आधीच तो उठला आणि त्याने आपलं गुणपत्रक परत मागितलं. सही झालेलं पत्रक बदलता येत नसे. ज्याची सही त्याने कारण लिहून ते खोडलं तरच चालायचं. आठाच्या आकड्यावर त्याने एक सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं. लिहायला त्याला वेळ लागला. फिटरदादा खिडकीबाहेर बघत होते.

साहेबांनी कागद वाचला. त्यावर लिहिलं होतं: तीन हजार हर्ट्झच्या वरच्या आवाजाबाबत माझे कान आता भरवशाचे नाहीत. साडूला शिट्टी आहे. मला ऐकू आली नाही. मापन विभागाचा आलेख ग्राह्य धरावा.

"काका," साहेब म्हणाले, आणि त्यांनी कागद पुन्हा वरून खाली वाचला.

"तुमचा आवाज नीट येतो मला," तो म्हणाला. "त्याची काळजी नको."

मग तिने आलेख दाखवला. सुळक्यावर कोणी वाद घातला नाही. शिट्टीवाला टायर नव्या गाडीला नको, हे पाच मिनिटांत ठरलं. मेहुणा ठरला. साडूच्या कंपनीला नक्षी बदलून नमुने पाठवायला सांगायचं ठरलं. मग साहेबांनी टेबलावरचं पेन उगाचच सरळ केलं. "आवाजाचे गुण आता दुसऱ्या कोणाकडे द्यावे लागतील."

"द्या."

"पण ब्रेक, वळणं, रस्त्यावरची पकड... ते कानाचं काम नाही ना, काका?"

"ते बुडाचं काम," फिटरदादा मध्येच म्हणाले. "ते अजून शाबूत आहे."

सगळे हसले, तोही हसला. पण बाहेर येताना तो प्रयोगशाळेशी थांबला, तिच्या पेटीतला मायक्रोफोन त्याने उचलला, अंगठ्याने त्याची जाळी हलकेच पुसली आणि परत जागेवर ठेवला. तिने ते पाहिलं आणि पाहिलं असं दाखवलं नाही.

फिटरदादांनी पट्ट्या सोलल्या तेव्हा साडू मोठ्या नावाचा निघाला. "साडू बडा असामी होता हो," ते म्हणाले. "म्हणूनच शिट्टी वाजवत फिरत होता."

आठवड्याने कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला काचेच्या छोट्या खोलीत बसवलं आणि एकेक सूर ऐकवला. ऐकू आला की बटण दाबायचं. ती काचेबाहेर बसली होती. सूर वर चढत गेले आणि एका ठिकाणी त्याचा अंगठा थांबला. तो वाट बघत होता, कपाळाला आठ्या घालून, परीक्षेत बसलेल्या मुलासारखा. बाईंच्या यंत्रावर सूर वाजत असल्याचा दिवा लागलेला होता, हे फक्त तिला दिसत होतं.

बाईंनी आलेख हातात दिला. तो तिला वाचून दाखवावा लागला नाही. सपाट रेघ, आणि तीन हजारांपाशी खोल दरी. तिने पिशवीतून साडूचा आलेख काढून शेजारी धरला. सुळका दरीत बरोबर बसत होता.

"बघ," तो म्हणाला, "साडूला माहीत होतं कुठे लपायचं."

"यंत्र लावलं की बरंचसं परत येईल," बाई म्हणाल्या. "पण पहिले काही दिवस फार गलका वाटेल. कागदाचाही आवाज टोचेल."

"वर्तमानपत्र सोडावं लागणार," तो म्हणाला. "म्हणजे कपडे वाळत घालायला वेळच वेळ."

यंत्र यायला दहा दिवस होते. त्या रविवारी मुलीचा फोन आला. तिने आधीच मुलीला सगळं सांगून ठेवलं होतं, आणि मुलगी म्हणाली होती, "मग मी कसं बोलू?" "खालच्या पट्टीत. सावकाश. आणि चेहरा दिसेल असा फोन कर," असं तिने सांगितलं होतं.

त्याने फोन समोर भांड्याला टेकवून उभा केला. पडद्यावर मुलगी घसा साफ करून, हनुवटी गळ्यात घालून, मुद्दाम जाड आवाज काढून म्हणाली, "बाबा, मी बोलतेय."

"हे कोण? साहेब की काय?"

मुलगी खळखळून हसली. ते हसू पातळ होतं, वरच्या सुरातलं, आणि त्याला ते बहुतेक ऐकू आलं नसावं. पण तो पडद्याकडे मान कलती करून बघत होता, ट्रॅकवर बघायचा तसा. मग त्याने खुर्ची पुढे ओढली.

"परवाच्या परीक्षेचं सांग," तो म्हणाला. "सगळं सांग. मी आईकडे देणार नाहीये."

मशीनने पाच हाका मारल्या. ती हळूच उठली, आणि त्याच्या मागून जाताना तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"हो, ऐकलं," तो त्या हातालाच उत्तर द्यावं तसा, वळून न बघता म्हणाला, आणि मुलीला म्हणाला, "पुढे?"

ती बादली घेऊन बाहेर गेली.